सुळसुळ्याच्या पिशवीचं वजन

एका रविवारी भरदुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या काटेताईंकडे सलूनवाल्याने सात माणसं भोसकली, ही बातमी सोमवारी सकाळी दुधाच्या रांगेत कळली. मंगळवारपर्यंत सातांची नऊ झाली. दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलकाकांनी तर छतातून आलेला आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला होता: "घुसव सुरा! मानेत घुसव! मेला, मेला!" आणि पाठोपाठ ताईंचा धाकटा भाऊ पैलवान दाणदाण जिना उतरून गेला, तोही चपला हातात घेऊन. आता माणूस चपला हातात घेऊन का पळतो, हे काय सांगायला हवं?

हवं. कारण यातलं पैलवान चपला हातात घेऊन जिना उतरला एवढंच खरं. भोसकलेली माणसं सातही नव्हती आणि नऊही नव्हती, चांगली अकरा होती. फक्त ती सगळी कागदावरची होती. आणि पैलवान पळाला नव्हता, रुसला होता. रुसलेल्या माणसाला चपलांचे पट्टे लावत बसायला वेळ नसतो.

काटेताईंचं बाजारपेठेत वजनकाटे दुरुस्त करायचं दुकान आहे. वडिलांचं होतं, ते गेल्यावर ताईंनी चालवलं. आतल्या लाकडी पेटीत मखमलीवर पितळी वजनं ओळीने झोपलेली असतात. त्यांना ताई बोट लावू देत नाहीत, चिमट्यानेच उचलतात. बोटाचा घामही वजन वाढवतो म्हणतात. एवढी काटेकोर बाई रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर वीस बाजूंचे फासे मांडते आणि तीन शहाण्यासुरत्या माणसांना भुयारात, किल्ल्यांत, राक्षसांच्या तोंडी पाठवते. ताई गोष्ट सांगतात, राक्षसांचे आवाजही त्याच काढतात. बाकीचे एकेक नायक खेळतात. नायकाने काय करायचं ते खेळणाऱ्याने बोलायचं, जमलं की फसलं ते फाशाने सांगायचं.

निवृत्त शिक्षिका भूगोलबाई जादूगारीण होतात आणि नकाशे काढतात. दुकानासमोरच्या सलूनवाल्याचा नायक सुळसुळ्या. दोन्ही हातांत सुरे, अंगात मांजर. सलूनवाला गावभरच्या डोक्यांना आकार देतो, पण स्वतःचे केस कानांवरून झुडपासारखे लोंबत असतात. आणि पैलवानाचा नायक डोंगर्‍या: सात फुटी देह, हातात पहारीएवढ्या दांड्याचा हातोडा.

हा डोंगर्‍या पैलवानाला किती जवळचा, ते ताईंनाच ठाऊक. वीस वर्षं तो घरसामान हलवणाऱ्या कंपनीत होता. पाठीला पट्टा लावून चार-चार मजले कपाट चढवायचा. जिन्याच्या वळणावर दुसऱ्याचे पाय लटपटले की म्हणायचा, "सोड, माझ्याकडे दे." दोन वर्षांपूर्वी एका वळणावर त्याचीच पाठ गेली. डॉक्टरांनी पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही म्हणून बजावलं. आता तो त्याच कंपनीत फोन घेतो. घरी बायको भाजीच्या पिशवीलाही हात लावू देत नाही. आठवड्यात एक दुपार उचलायची, आपटायची, मोडायची. तीही या टेबलावर.

आणि नेमकं तिथेच पाणी मुरत होतं. खेळात प्रत्येक नायकाला ताकदीचा एक आकडा आणि चपळाईचा एक. आता चपळाईवर काय काय मिळायचं बघा. घाव बसणार की नाही ते चपळाईवर. घाव किती खोल तेही. समोरच्याचा वार चुकवणं, पहिला हात कोणाचा ते, बाण, उड्या, कुलपं, भिंती चढणं, सगळं चपळाईवर. एका तिकिटात पाच सिनेमे! आणि ताकदीवर? हातोड्याचा घाव आणि दारं फोडणं. तेही दार सुळसुळ्या कुलूप काढून आधीच उघडून ठेवायचा, वर वाकून म्हणायचा, "या राजे, उंबरा सांभाळून."

त्या रविवारी डोंगर्‍या हातोडा उगारेपर्यंत अकराच्या अकरा पहारेकरी आडवे झाले होते. पैलवान उठला.

"ताई, आठवडाभर मी खुर्चीत बसून दुसऱ्यांनी उचललेली कपाटं बघतो. रविवारीही तेच बघायचं असेल तर घरी बसून बघतो. तिथे निदान पाय पसरता येतात."

"अरे, पुढच्या दालनात राक्षस आहे तुझ्यासाठी ठेवलेला!"

"ठेवलेला," पैलवान म्हणाला. "माझ्यासाठी. म्हणजे ताटात वाढून." आणि डोंगर्‍याचा कागद चार घड्या करून खिशात घालून निघाला.

भावाची पाठ ताईंच्या हातातली नव्हती, पण हा खेळ तर होता! म्हणजे बिघाडही त्यांच्याच हातचा. सोमवारी दुकानात पेटीच्या झाकणावर त्यांनी एकटीने दोन्ही बाजूंचे फासे टाकायला घेतले. हातोड्याचा मार दुप्पट केला, तर डोंगर्‍याने तीन घावांत अजगर लोळवला आणि सुळसुळ्याचा सुरा म्यानातच राहिला. मार कमी केला, तर पुन्हा सुळसुळ्याचंच राज्य. मंगळवारी दीडपट. बुधवारी सव्वापट. गिऱ्हाईक आलं की फासे पदराखाली, गेलं की बाहेर.

"ताई, हिशोब चाललाय का?" शेजारच्या कुलूपवाल्याने विचारलं.

"राक्षस मरेना झालाय."

कुलूपवाला दोन पावलं मागे सरकला आणि बातमी पुढे न्यायला निघून गेला.

गुरुवारी बेकरीवाला आपला काटा घेऊन आला. "खोटं बोलतोय हा. वजनं बदलून द्या."

ताईंच्या वडिलांची एक शिस्त होती: काटा खोटं बोलायला लागला की वजनाला हात लावायचा नाही, आधी पारडं उलटं करून बघायचं. ताईंनी उलटं केलं. खाली तळहाताएवढी वाळक्या पिठाची खपली. चाकूने उडवली, काटा मध्यावर येऊन गप्प उभा राहिला. बेकरीवाला ओशाळला. ताई मात्र चाकू हातात धरून खपलीकडे बघत राहिल्या.

तीन दिवस त्या डोंगर्‍याच्या पारड्यात भर घालत होत्या. सुळसुळ्याचं पारडं उलटं केलंच नव्हतं!

दुकान बेकरीवाल्याच्या भरवशावर सोडून त्या रस्ता ओलांडून सलूनमध्ये घुसल्या.

"सुळसुळ्याचा कागद दे."

"आत्ता? ताई, गिऱ्हाईकाच्या गळ्यावर वस्तरा आहे!"

"वस्तरा राहू दे तिथेच. कागद कुठाय सांग."

"दे रे बाबा लवकर," फेसातून गिऱ्हाईक म्हणालं.

कागद आरशामागे होता. मागच्या बाजूला सुळसुळ्याजवळच्या वस्तूंची यादी. ताई वाचायला लागल्या, आणि वाचता वाचता त्यांचा आवाज चढत गेला. बारा सुरे. दोन धनुष्यं. साठ बाण. पन्नास हात दोर. लोखंडी शिडी. तेलाचे सहा बुधले. आणि दीड वर्षापूर्वी राजवाड्यातून उचललेलं पितळी सिंहाचं डोकं!

"एवढं सगळं घेऊन तू मांजरासारखा उड्या मारतोस?"

"कागदावर जागा होती, लिहीत गेलो," सलूनवाला म्हणाला. "तुम्ही कधी विचारलंच नाही!"

खरंच नव्हतं विचारलं. तीन वर्षं! दुकानात घामाचा थेंब मोजणाऱ्या बाईने रविवारी एकदाही कोणाची पिशवी काट्यावर ठेवली नव्हती. ताईंना हसू आवरेना. त्याच संध्याकाळी त्यांनी कुलूपवाल्याकडून शिडी आणली, घरातला दोर आणला, खाटकाकडून सुरे मागून आणले (ही बातमी वकीलकाकांपर्यंत अकरा मिनिटांत पोचली) आणि पोती मोजायच्या काट्यावर एकेक चढवलं. सिंहाच्या डोक्याच्या जागी पितळी वजनं रचली. बेरीज ब्याऐंशी किलो!

मग त्यांनी फोन लावला.

"नमस्कार, घरसामान हलवायचंय का?" पैलवानाचा कंपनीतला गोड आवाज आला.

"हो. एक डोंगर्‍या हलवायचाय."

"ताई, मी येणार नाही म्हटलं ना."

"नको खेळूस. पण नायकाला खेळातून कायमचं काढायचं तर स्वतः टेबलावर येऊन कागद फाडावा लागतो. नियम आहे."

"हा नियम कधी झाला?"

"आत्ता. ये रविवारी."

रविवारी पैलवान आला तो उंबऱ्यातच थबकला. दिवाणखान्याच्या मधोमध काटा, आणि सलूनवाल्याच्या पाठीवर वीस किलोचं वाळूचं पोतं.

"ही तर पाव पिशवी आहे," ताई म्हणाल्या. "आता चुकव. बाई, फेका!"

भूगोलबाईंचा पस्तीस वर्षं खडू फेकायचा सराव. मोज्यांचा पहिला गोळा सलूनवाल्याच्या नाकावर बसला, दुसरा कानावर, तिसरा पुन्हा नाकावर. पोतं उतरवलं, तर पाचांतला एकही लागेना.

"बघितलंस?" ताई भावाला म्हणाल्या. "हातोडा नव्हता रे हलका. याची पिशवी हलकी होती. आजपासून वजन मोजायचं. ताकदीचा आकडा तेवढे किलो फुकट. त्यावर दर पाच किलोला चपळाईच्या फाशातून एक वजा. सुळसुळ्याची ताकद आठ, डोंगर्‍याची नव्वद."

"मग मी काय उघडा लढू?" सलूनवाला कळवळला.

"दोन सुरे घे आणि लढ." सलूनवाल्याने यादीवर रेघा मारल्या, पण डोकं, शिडी आणि दोर काही सोडवेनात.

पैलवान आत आला. बसला मात्र खुर्चीच्या टोकावर, उठायच्या बेतात. खिशातला कागद खिशातच.

ताईंनी गोष्ट सुरू केली. खोल दरी, दोरांचा पूल, पलीकडे बुरुज. सिंहाचं डोकं बुरुजावरच्या दगडी धडावर बसवलं तरच दार उघडणार. मागून पहारेकरी येताहेत, आठ जण!

"डोकं माझ्याकडे आहे, मी धावतो!" सलूनवाल्याने फासा टाकला. अठरा! तो नाचायलाच लागला.

"एकतीस किलोचं डोकं. वर शिडी, दोर, सुरे मिळून बावीस. आठ फुकट सोडले तरी अठरातून नऊ गेले. पुलाची फळी मोडली, तू एका हाताने लटकतोयस."

"शिडी टाक ना!" भूगोलबाई ओरडल्या.

"टाकली, ती खाली गेली! ताई, मी पडतोय का?"

"पडतोयस. पुढच्या फाशाला."

सलूनवाल्याने सवयीने स्वतःच्या कागदावरून बोट फिरवलं. उडी, चकवा, सुरा... दरीवर लटकलेल्या माणसाला त्यातलं काही कामाचं नव्हतं. आणि तेवढ्यात खुर्चीच्या टोकावरून आवाज आला.

"सोड, माझ्याकडे दे."

ताईंच्या हातातली पेन्सिल थांबली. ही तीन शब्दांची हाक त्यांनी दोन वर्षं ऐकली नव्हती.

पैलवानाने चार घड्यांचा कागद उलगडून टेबलावर सपाट केला. "डोंगर्‍या फळीवर पालथा झोपतो. एका हाताने डोकं घेतो, दुसऱ्या हाताने हे माकड वर ओढतो."

"टाक फासा."

सोळा! "ओढला!" भूगोलबाई टाळ्या पिटायला लागल्या.

"पहारेकरी पोचले," ताई गरजल्या.

"येऊ देत! पूल दोन माणसांएवढाच रुंद ना? मी मध्ये उभा राहतो, सिंहाचं डोकं दोरात बांधून गरगर फिरवतो!"

"एकतीस किलो?"

"नव्वदपर्यंत फुकट आहे म्हणालीस ना!"

सतरा. तीन पहारेकरी दरीत. एकोणीस. आणखी दोन! खालून वकीलकाकांनी छताला काठी ठोकली. पैलवान उभा राहून ओरडत होता, "ए सुळसुळ्या, आता तू हलका आहेस, माझ्या पाठीवरून उडी मार!" आणि सलूनवाला खरंच सुटला. उरलेल्या तिघांत वाऱ्यासारखा शिरला, डावीकडे एक, उजवीकडे एक, मध्ये एक. डोंगर्‍याने डोकं धडावर दाणकन बसवलं. दार उघडलं, भूगोलबाईंचा चष्मा चहात पडला.

सगळे खुर्च्यांत कोसळले. पैलवान पेन्सिल घेऊन डोंगर्‍याच्या कागदावर काहीतरी लिहीत होता. ताईंनी वाकून पाहिलं: 'पन्नास हात दोर. पुढच्या रविवारी शिडी आणायला दरीत उतरणे.'

सलूनवाला नाक चोळत हसला. "पण ताई, कमाल आहे हो तुमची! धंदा वजनाचा, आणि तीन वर्षं घरातल्या टेबलावर वजनच केलं नाहीत?"

काटेताईंनी फासे डबीत भरले, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "तू आधी कानांवरचे केस काप, मग मला विचार."