बरणीच्या गळ्यावरची रेघ

अमरावतीच्या रविवारच्या बाजारात ती चिनी मातीच्या जुन्या बरण्या घेऊन बसते. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. बरणी किती जुनी हे बघायला आम्ही गिऱ्हाइकं ती उपडी करून कारखान्याचा शिक्का शोधतो. ती मात्र डोळे मिटून बरणीच्या गळ्यावरून अंगठा फिरवते. तोंडाला फडकं बांधायची दोरी वर्षानुवर्षं जिथे आवळली, तिथली चकाकी गेलेली असते.

"शिक्का तं आजही मारता येते, भाऊ," ती मला म्हणाली. "दोरीची रेघ कोठून आणसान?"

मी एक बरणी घेतली. बांधून देताना तिनं विचारलं, "लोणचं घालता काय हिच्यात?"

"नाही, शोकेसमध्ये ठेवणार आहे."

"मंग हिचं वय आजपासून थांबलं म्हना." रागावली नाही. भांडं रिकामं देऊ नये म्हणून आत मूठभर खडेमीठ मात्र तिनं टाकलं.

शोकेसमधली ती जागा अजून मोकळीच आहे. घरी कैरीचं लोणचं भरून मी फडक्यावर दोरी आवळली, तेव्हा ती आपसूक त्या जुन्या रेघेवर जाऊन बसली.