४२१२०१ ला भाग जातो

माजिवड्याच्या एका इंग्रजी शाळेत आठवीला गणित शिकवायची जागा होती आणि मला ती हवीच होती. मी मराठी माध्यमात शिकलेली, बी.एड.सुद्धा मराठीतून. मुलाखतीत अर्जावरचं ते वाचून मुख्याध्यापिकाबाई गोड हसल्या. त्या हसण्याने माझं डोकं तेव्हाच तापलं.

शेजारी शाळेचे एक विश्वस्त होते, पेशाने इंजिनिअर. त्यांनी माझ्या पत्त्यातला पिन कोड फळ्यावर लिहिला, ४२१२०१, आणि या संख्येबद्दल मुलांना काय सांगाल, असं विचारलं. मी तोंड उघडायच्या आत उत्तरही स्वतःच दिलं. शेवटी एक, म्हणजे दोनाने आणि पाचाने भाग जात नाही. अंकांची बेरीज दहा, म्हणजे तिनाने नाही. सातानेही नाही. तेव्हा मूळ संख्या!

चार दारं वाजवायची आणि बिल्डिंगमध्ये कुणीच राहत नाही म्हणायचं, असला हा प्रकार.

त्यांना काय ठाऊक, या संख्येशी माझं जुनं भांडण आहे. दहावीच्या सुट्टीत मावसबहिणीच्या लग्नपत्रिकांवर पत्ते घालायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. निम्मे नातेवाईक डोंबिवली पूर्वेचे. तोच पिन कोड लिहून बोटं दुखली, तेव्हा चिडून मी एका कोऱ्या पाकिटावर त्याचे अवयव पाडले होते.

मी खडू घेतला. एकाआड एक अंक मिळवले: चार, एक, शून्य, झाले पाच; दोन, दोन, एक, पुन्हा पाच. बेरजा सारख्या, म्हणजे अकराने भाग जातो. आले ३८२९१. त्यालाही अकराने जातो. उरले ३४८१, म्हणजे एकोणसाठ गुणिले एकोणसाठ. मूळ कसली, ही संयुक्त संख्या, आणि वर पूर्ण वर्ग, ६४९ चा. विभाजक नऊ. जोड्या लावल्या की ६४९ एकटा उरतो, म्हणून विभाजकांची संख्या विषम. ४२१ ने सुरू होणाऱ्या सहा अंकी संख्यांत दुसरा पूर्ण वर्ग शोधून दाखवा, हेही मी सांगून टाकलं.

विश्वस्तांनी मोबाइलवर गुणून पाहिलं आणि पाठ करून आल्या असाल म्हणाले. बाईंनी सावरून घेतलं. गणित छान आहे, पण पालक इंग्रजीत विचारतात, तूर्त तिसरी-चौथी घ्या.

"गणित छान आहे ना, मग आठवी द्या," मी म्हटलं. "इंग्रजी मी दिवाळीपर्यंत सुधारीन. सरांचं गणित कधी सुधारेल, ते त्यांनाच विचारा."

खोपटच्या डेपोतून घरची एसटी धरली. घरी आई म्हणाली, मिळतंय ते घ्यायचं होतंस. तिचं चूक नव्हतं. मला रडू आलं, रडलेही.

दोन दिवसांनी शाळेतून फोन आला. तिसरी-चौथीची जागा अजून आहे, विचार करा. मी आठवी आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हणाले. मग मीही नाही म्हटलं.