आईची मिरची घरात पिकवली तेव्हा

हिरवी मिरची तोडल्यावर घरात लाल होते. सगळी नाही होत, पण होते. हे मी आधीच सांगून टाकते, कारण लोकं वाद घालतात की झाडावरून उतरली की संपलं, आता ती एकतर वाळणार नाहीतर सडणार. मीसुद्धा तेच म्हणाले असते. पण तेरा वर्षांची असताना मला ते शिकावं लागलं, आणि का शिकावं लागलं ते सांगते.

आमचं शेत ओझरच्या अलीकडे. दोन हजार सालाच्या पुढचीच गोष्ट, नक्की साल नका विचारू, एवढं आठवतं की घरात लँडलाइन नुकता आला होता आणि तो वाजला की आम्ही सगळे पळत जायचो. त्या वर्षी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, अर्धा एकर मिरची लावली होती. रोपं नर्सरीतून आणलेली, हायब्रीड, लांबडी, बोटापेक्षा लांब. मार्केटला तीच चालायची.

आणि वावराच्या शेवटच्या सरीला, बांधाकडेला, आईची नऊ झाडं. ती मिरची आखूड, जाड, देठाकडे सुरकुतलेली, आणि तिखट म्हणजे पाट्यावर वाटताना शेजारच्या घरात शिंका यायच्या. तिचं बी आईनं लग्नात माहेराहून आणलं होतं, पेठच्या बाजूनं. दरवर्षी नऊ-दहा झाडं लावायची, त्यावर मिरची लाल होऊ द्यायची, त्यातूनच बी काढायचं, पुढच्या वर्षी तेच बी पेरायचं. जुनं बी ठेवून उपयोग नाही, नीट उगवत नाही, म्हणून ती होतं तेवढं सगळं पेरून टाकायची. आणि माहेरी मामांनी दोन वर्षांपूर्वीच पाकिटातलं बी लावायला सुरुवात केली होती. म्हणजे ते बी जगात कुठं असेल तर त्या नऊ झाडांवर.

आप्पा तिला चिडवायचे. ‘तुझ्या मिरचीला मार्केटात कुत्रं इचारत न्हाई.’

आई म्हणायची, ‘कुत्र्यासाटी न्हाईच लावली. तुमी भाकरीसंगं खाताय ना, तुमच्यासाटी लावलीय.’

आता चिंध्यांचं. आई दरवर्षी बियाच्या झाडांना जुन्या पातळाची चिंधी बांधायची, म्हणजे तोडणीला आलेल्या बाया त्या झाडांना हात लावायच्या नाहीत. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. मलाही माहीत होतं. पण त्या वर्षी मिरचीवर बोकड्या आला. म्हणजे पानं मुरडतात, बोकडाच्या कानासारखी वळतात, झाड खुजं राहतं आणि रोग शेजारच्या झाडाला लागतो. कृषी ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं होतं की अशी झाडं लगेच उपटून टाका. आप्पा एका संध्याकाळी वावरात फिरले आणि रोगट झाडांना खुणेसाठी त्यांच्या फाटक्या बनियनच्या चिंध्या बांधून आले.

दुसऱ्या दिवशी संकष्टी. आई सकाळीच ओझरला गणपतीच्या दर्शनाला गेली, काकू तिच्यासोबत. आप्पांना मार्केटला जायचं होतं. जाताना स्कूटरवर बसता बसता मला म्हणाले, ‘चिंधीची झाडं उपटून बांधाला टाक. एकबी ठिवू नको, लई पसरतंय ते.’

मी एक नंबरची उत्साही. काम सांगितलं की माझे पाय आधी पळायचे, डोकं मागून यायचं. मी सरीनं सरी गेले, चिंधी दिसली की उपट, चिंधी दिसली की उपट. शेवटच्या सरीला आले तर तिथली झाडं चांगली हिरवीगार, पानं सपाट, मिरच्यांनी लगडलेली. माझ्या डोक्यात काय यावं? तर, एवढ्या चांगल्या मिरच्या वाया कशाला घालवायच्या. म्हणून मी आधी त्या सगळ्या तोडल्या, बादलीत भरल्या, आणि मग झाडं उपटली. नऊच्या नऊ. पातळाची चिंधी आणि बनियनची चिंधी यातला फरक मला दिसलाच नाही असं नाही, दिसला, पण चिंधी ती चिंधी.

बादली नेऊन मार्केटच्या ढिगावर ओतली आणि आप्पा यायची वाट बघत बसले, शाबासकीसाठी.

आई आधी आली. मला प्रसाद दिला आणि गवत आणायला वावरात गेली. परत आली ती हातात गवत नाही, एक झाड. मुळाची माती वाळलेली, पानं मान टाकलेली, आणि बुडाला तिच्या पातळाची पिवळी चिंधी.

‘ह्याच्या मिरच्या कुठंयत?’ एवढंच विचारलं.

मी ढिगाकडे बोट दाखवलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ढिगापाशी बसली आणि लांबड्यातून आखूड निवडायला लागली. मी पण बसले. निवडणं सोपं होतं, पण एकसुद्धा लाल नव्हती. दोन-तीन जरा काळपट, बाकी हिरव्या कच्च. काकूनं नऊ झाडं पुन्हा खड्डे करून लावली, बादली बादली पाणी घातलं. तिसऱ्या दिवसापर्यंत सगळी वाळली.

निवडता निवडता आई म्हणाली, ‘मिरच्या झाडालाच ठिवल्या असत्या तरी चाललं असतं. उपटलेलं झाड उलटं टांगलं की झाडातला रस मिरचीत उतरतो आन् ती पिकती. तोडल्या कशाला गं?’

हे मला आजही लागतं. उपटणं आप्पांच्या सांगण्यावरून झालं, पण तोडणं माझं स्वतःचं होतं.

आप्पा आले, त्यांना कळलं. ते म्हणाले, ‘मी बोकड्याची झाडं म्हनलो व्हतो.’

‘तुमी चिंधीची म्हनला,’ मी.

‘आगं पन बघायचं का न्हाई?’

आई म्हणाली, ‘दोगंबी गप बसा. चिंध्या बांधायच्या आदी मला इचारलं व्हतं का तुमी?’

आता हिरव्या मिरचीतलं बी कच्चं असतं. मिरची लाल झाली की बी पक्कं होतं. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच होता की तोडलेली मिरची घरात लाल करता येते का. आणि यावर घरात जेवढी माणसं तेवढी मतं.

काकू म्हणाली, आंब्याची आढी घालतो तशी घालू. आंबे पिकतात तर मिरची का नाही. तिनं थोड्या मिरच्या घेतल्या, पोत्यात गवत, गवतात मिरच्या, वरून गवत, तोंड बांधून माळ्यावर. मी म्हटलं, लाल मिरची उन्हात वाळते, म्हणजे उन्हानंच लाल होत असणार, म्हणून थोड्या मी पत्र्यावर पसरल्या. आईनं उरलेल्या सुपात ठेवल्या आणि काहीच केलं नाही, नुसत्या रोज हात फिरवून बघायची.

चौथ्या दिवशी पोतं सोडलं तर आतून वास. देठाशी पांढरी बुरशी, मिरच्या घामेजलेल्या, हात लावला की सालं निसटायची. काकू म्हणाली, ‘आंब्याचं बरं असतंय बाई.’ पत्र्यावरच्या माझ्या मिरच्या पांढऱ्या पडल्या. कागदासारख्या पातळ. त्यातली एक मी फोडली, आत बी चपटं, नखानं दाबलं तर नुसतं टरफल. मी ती फोडलेली मिरची गुपचूप कोंबड्यांकडे टाकली, आणि कोंबड्यांनीपण नाही खाल्ली.

आता फक्त सुपातल्या उरल्या होत्या, सगळ्या मिळून होत्या त्याच्या अर्ध्याहून कमी.

दुसऱ्या सकाळी आप्पांनी सुपातल्या पाच-सहा मिरच्या रुमालात बांधल्या आणि मला म्हणाले, ‘चल, बस मागं.’ आम्ही जुन्नरला गेलो. तिथं आप्पांच्या ओळखीच्या एका चाचांची केळ्याची वखार होती. खालच्या खोलीत हिरवी केळी पिकायला लावलेली, दार उघडलं की गरम गोड वास यायचा. आप्पा म्हणाले, पिकवायचं कळतं ते या माणसालाच.

चाचांनी रुमाल सोडला, मिरच्या बघितल्या, मग आप्पांकडे बघितलं.

‘भाऊ, अर्ध्या एकराचा बागायतदार तू, आन् पाच मिरच्या पिकवायला माझ्याकडं आला?’

‘बियाच्यायत,’ आप्पा म्हणाले. ‘हिच्या आईच्या. पोरीनं झाडं उपटली.’

‘मला उपटायला सांगितली व्हती,’ मी म्हटलं.

‘बरोबर हाय. बापानं सांगितलं, पोरीनं ऐकलं, म्हंजे चूक माझीच.’ चाचा हसले आणि एक एक मिरची उचलून कानाजवळ दाबायला लागले. दोन बाजूला काढल्या. ‘ह्या कोवळ्या. ह्या न्हाई व्हायच्या, ठेच्यात घाल. केळ्याचंबी असंच हाय. झाडावर जून झालेलं केळं कुठंबी ठेव, पिकतंय. कोवळं उतरवलं तर सात दिवस कोंडलं तरी काळं पडंल, पन पिकनार न्हाई. आदी निवडायचं, मग पिकवायचं.’

जून कशी ओळखायची ते त्यांनी मला करून दाखवलं. दाबली की टणक लागते, करकर वाजते, रंग गडद आणि चकचकीत. कोवळी वाकते पण वाजत नाही. काळपट झाक असली तर सोनं, म्हणाले, ती निघालीच आहे लाल व्हायला. मग सांगितलं की खोका घे, पेपर टाक, मिरच्या एकमेकींना चिकटवू नको, त्यात एक पिकलेलं केळं ठेव, झाकण लाव पण रोज दोनदा उघडून वारा दे आणि घाम आला तर पुसून घे. ऊन नको. चुलीच्या जवळ पण चुलीवर नाही. आणि त्यांनी दोन केळी दिली, सालीवर काळे ठिपके आलेली. आप्पांनी पैसे काढले तर म्हणाले, ‘लाल झाल्यावर एक आनून दाव, बास.’

घरी येऊन मी सगळं आईला एका दमात सांगितलं. ती म्हणाली, ‘केळ्यासंगं मिरची?’ पण खोका तिनंच आणला, आप्पांच्या फवारणीच्या औषधाचा नको म्हणून माझ्या चपलांचा. आम्ही दोघींनी एक एक मिरची कानाशी धरून दाबली. काकू दारातून बघत होती, म्हणाली, ‘मायलेकी फोनवर बोलतायत जनू.’ कोवळ्या निघाल्या त्या त्याच दिवशी ठेच्यात गेल्या. उरल्या त्या खोक्यात सहज मावल्या.

मग रोज सकाळी शाळेत जायच्या आधी आणि आल्यावर खोका उघडायचा. पहिले पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी काळपट होत्या त्यातली एक टोकाकडून तांबूस. मी ती घेऊन गोठ्यापर्यंत पळत गेले आईला दाखवायला. मग बाकीच्या सुरू झाल्या. हिरव्याची एकदम लाल होत नाही, मधे एक चॉकलेटी रंग येतो, घाण दिसतो, मला वाटायचं सडली. आई म्हणायची, थांब. एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं हिरवी अशा पण होत्या. दोन देठाकडून कुजल्या, त्या लगेच काढल्या. केळी काळी झाल्यावर बदलली. अडीच-तीन आठवड्यांत ज्या व्हायच्या त्या झाल्या. झाडावरच्यासारख्या गर्द नाही, जरा फिक्या, सुरकुतलेल्या, पण लाल. त्यातली एक मी चाचांना नेऊन दाखवली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली आणि वखारीतल्या हमालाला बोलावून त्यालाही दाखवली.

आईनं मिरच्या फोडल्या, बी काढलं, राखेत चोळून सावलीत वाळवलं. पाण्यात टाकून बघितलं, तरंगलं ते फेकलं, बुडालं ते ठेवलं. बुडालेलं मूठभरसुद्धा नव्हतं.

तरी लाल झालं म्हणजे उगवेल असं थोडंच आहे. संक्रांतीनंतर आईनं दहा बिया मोजून ओल्या फडक्यात बांधल्या आणि चुलीमागच्या कोनाड्यात ठेवल्या. मी तिसऱ्या दिवसापासून फडकं सोडून बघायला लागले.

‘सारकं उगडू नको, त्यास्नी काय लाज वाटती का न्हाई,’ आई म्हणाली.

आठव्या दिवशी तिनंच सोडलं. चार बियांना पांढरा मोड आला होता, सुईच्या टोकाएवढा. दहातल्या चार. झाडावर पिकलेल्याचे आठ-नऊ यायचे. आप्पा तिच्या खांद्यावरून वाकून बघत होते, म्हणाले, ‘चार म्हंजे कमीच.’

‘चार म्हंजे हाईत,’ आई म्हणाली.

मग तिनं एक केलं जे आधी कधी केलं नव्हतं. उरलेल्या बियाचे दोन भाग केले. एक तिच्या डब्यात गेला. दुसरा कागदाच्या पुडीत बांधला आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी मामाकडे निघाले तेव्हा माझ्या हातात दिला. ‘ह्या घरात दोन माणसं उपटनारी हाईत,’ म्हणाली, ‘एकाच डब्यात ठिवायला मला आता भ्या वाटतं. मामीला सांग, पाचच झाडं लाव, पन लाव.’

एसटीत नारायणगाव, मंचर करत पेठला उतरेपर्यंत मी पुडी मुठीतून सोडली नाही, घामानं कागद मऊ झाला. मामी नळावर भांडी घासत होती. तिनं हात पुसले, पुडी उघडली, बी तळहातावर घेतलं.

‘हे तर आमचंच बी. आमच्याकडचं तर कवाच संपलं.’ मग बी बोटानं पसरवून निरखून बघितलं. ‘जरा बारीक वाटतंय. झाडावर लाल झालेलं हाय ना?’

मी खरं ते सांगितलं. चिंध्या, बादली, खोका, केळी, सगळं. मामी मधे हसली नाही. शेवटी फक्त विचारलं, ‘उगवलं किती?’

‘दहातले चार.’

‘मग जरा दाट टाकते,’ मामी म्हणाली, आणि वाफा करायला खुरपं शोधायला गेली.