बंबावरचा माणूस

"सांगतो," असं म्हणायचे आणि मग बराच वेळ काहीच सांगायचे नाहीत. दोन्ही तळवे मांडीवर पुसत बसायचे. पक्षकार बोलायला लागला की थांबत नाही, हा आम्हा वकिलांचा अनुभव. हे गृहस्थ मात्र माझ्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या ऑफिसात आले की खोली गप्प व्हायची.

ते एका नगरपालिकेच्या अग्निशमन बंबावर ड्रायव्हर होते. मूळचे माण तालुक्यातले. आग लागली की सगळे जिथून पळतात, तिकडे गाडी नेण्याचं काम त्यांनी उभी हयात केलं. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. संकट आलं की आठवतात, एरवी त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं.

इस्लामपूरच्या पुढं एका गावात ऊस पेटला होता. बंब निघाला. वळणावर उसाच्या ट्रॉलीआडून एक मोटारसायकल समोर आली आणि एक तरुण मुलगा जागीच गेला. फौजदारी खटल्यात पुराव्याअभावी त्यांची सुटका झाली. पण खात्याची चौकशी वेगळी असते. तिथं त्यांना साक्षीदारांना प्रश्न विचारू दिले नाहीत, बंबावरच्या फायरमनलाही बोलावलं नाही. निष्काळजीपणाचा ठपका ठेवून बडतर्फ केलं.

आम्ही सांगलीच्या कामगार न्यायालयात गेलो. मी म्हणालो, "मुलाचे वडील सायकलवरून मागेच येत होते म्हणता ना? त्यांची साक्ष काढू."

पहिल्यांदाच ते चटकन बोलले. "न्हाई साहेब. त्यास्नी बोलवायचं न्हाई."

"अहो, दुसरा कोण आहे बघितलेला? नोकरी परत नको का तुम्हाला?"

"पायजे. पर त्यांचं पोरगं गेलंय. त्यास्नी परत त्या वळणावर उभं करू नका."

मी चिडलो, समजावलं, घरच्यांकडून सांगून पाहिलं. ते ढळले नाहीत.

शेवटी फक्त चौकशीतल्या अन्यायावर बोट ठेवून लढलो. न्यायालयानं ती चौकशी रद्द ठरवली, पण त्यानं माणूस लगेच कामावर येत नाही. आरोप आता इथंच, न्यायालयासमोर सिद्ध करण्याची मुभा पालिकेला मिळाली. आणि पालिकेच्या वकिलांनी साक्षीला बोलावलं ते नेमकं मुलाच्या वडिलांनाच. पोटचा पोर गेलेला बाप ड्रायव्हरच्या बाजूनं कशाला बोलेल, असा त्यांचा हिशोब असावा.

म्हातारे पिंजऱ्यात उभे राहिले. आमच्या ड्रायव्हरनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

"पोरगं घाईत हुतं," म्हातारे म्हणाले. "मी मागनं हाका मारत हुतो. ट्रॉलीच्या आडनं एकदम भाईर आलं. ह्यांनी बंब उसात घातला. सोताचा जीव गेला असता ह्यांचा. तरीबी व्हायचं ते झालंच."

न्यायाधीशांनी विचारलं, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"पोलीस आले तवा मी शुद्धीत न्हवतो. मागनं कुणी इचारलंच न्हाई."

माझ्या हातात उलटतपासणीचे प्रश्न तयार होते. मी एकही विचारला नाही.

बाहेर आवारात दोघं समोरासमोर आले. ड्रायव्हरनी हात जोडले. म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "पोराचं नाव ठावं हाय का तुमास्नी?"

"व्हय. रोज घेतो."

मी वकील माणूस, तिथं माझं काय काम? मी बाजूला झालो.

निकाल आमच्या बाजूनं लागला. सेवेत खंड न धरता कामावर परत घ्यावं, असा आदेश झाला. मला वाटलं, आता हे हलकं काम मागून घेतील. पण ते पुन्हा बंबावर चढले आणि निवृत्त होईपर्यंत चढत राहिले. पेढे घेऊन मात्र आले नाहीत. ऑफिसात येऊन घटकाभर बसले, पाणी प्यायले आणि गेले. अशा निकालाचे पेढे वाटायचे नसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मागच्या वर्षी ते वारले. काविळीचं निमित्त झालं. मला उशिरा कळलं. माणमधल्या त्यांच्या गावी भेटायला गेलो, तेव्हा दहावा होऊन गेला होता. अंगणात त्यांच्या पत्नीशी बोलत बसलो होतो. एवढ्यात फाटकाशी एक वाकलेले गृहस्थ येऊन थांबले. वहाणा काढत त्यांनी विचारलं, "हायत का घरात?"

मी ओळखलं. ते मुलाचे वडील होते. बाई उठून पाणी आणायला आत गेल्या. मग मीच सांगितलं, ते गेले म्हणून.

म्हातारे जोत्यावर टेकले. म्हणाले, "पोराच्या श्राद्धाला दरसाल यायचे. औंदा पान वाढून ठिवलं, सांज झाली तरी आले न्हाईत. म्हनून बघाय आलो."