उपाशीपोटी दोन मग पाणी

टोआकाईला हल्ली कोंबड्याच्याही आधी जाग यायची ती तहानेनं. जीभ टाळूला चिकटलेली, ओठ सुक्या माशासारखे. तो उठून बसला की बायको, आबेरी, ॲल्युमिनियमचा मग पुढे करायची. तो एका दमात रिकामा करायचा आणि दुसऱ्यासाठी हात पुढे करायचा. तोंडात अन्नाचा कण जाण्याआधी दोन मग, अगदी नेमानं.

नर्सबाई कातारीनानं बजावलंच होतं तसं. "तुझ्या रक्तात साखर झालीय. दुकानातली साखर बंद, चार-चार चमचे घातलेला तो चहा बंद. सकाळी उठल्यावर पाणी पी आणि पाय जप." नोनोउती बेटावर गोळ्या चुकवणारे पैशाला पासरी मिळतील, पण टोआकाई एकदा प्रार्थना चुकवील, पाणी चुकवायचा नाही. साखरेचा डबा आबेरीनं त्याच दिवशी घासूनपुसून शेजारणीला देऊन टाकला.

सकाळच्या पाण्याचे गुण गावात सगळ्यांना पाठ. चर्चपुढे बसणारे म्हातारे तर त्यावर तासभर बोलू शकतात. पाण्यानं आतडी धुतली जातात, रक्त पातळ होतं, जुनी दुखणी लघवीवाटे निघून जातात. एकानं तर सांगितलं, की त्याचा मेव्हणा सहा महिने सकाळी पाणी पीत होता, तर त्याची संधिवाताची बोटं सरळ झाली. "तोंडातल्या शिव्या तेवढ्या धुतल्या गेल्या नाहीत," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले. टोआकाईही हसला. पण त्याला त्या मेव्हण्याची बोटं खरीच वाटली. ती खरी असायलाच हवी होती.

कारण उजव्या पायाच्या करंगळीखाली जखम होती. बेटामधल्या खाऱ्या सरोवरात जाळं ओढताना प्रवाळाचा काठ लागला होता. असले काप आमच्याकडे पोराटोरांनाही रोज लागतात आणि चार दिवसांत विसरले जातात. हा भरला नाही. कडा पांढऱ्या पडल्या, मग काळ्या. सगळ्यात वाईट म्हणजे तो दुखत नव्हता. टोआकाई माडी काढणारा. दिवसातून दोनदा माडावर चढायचं, फुलोऱ्याची पोय ताशायची, तिच्यातून गळणाऱ्या गोड रसाची बाटली बदलायची. उघडा पाय खोडाला घासला तरी काही कळत नव्हतं. खाली उतरल्यावर पायाला बांधलेली चिंधी रक्तानं भिजलेली दिसली, की मगच समजायचं.

त्याचा थोरला भाऊ योतेबा कुबडी टेकत संध्याकाळी येऊन बसायचा. त्याचंही असंच बोटापासून सुरू झालं होतं, मग त्याला विमानानं राजधानीला, तारावाच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. "दोन पायांनी विमानात चढलो, एका पायानं उतरलो," तो सगळ्यांना ऐकवायचा. "भाडं मात्र पुरं घेतलं मेल्यांनी!" लोक पोट धरून हसायचे. टोआकाई चटईवर मांडी घालून बसायचा आणि आपलं उजवं पाऊल मांडीखाली लपवायचा.

"पाय दाखव," आबेरी म्हणायची.

"भरत आलाय."

"मग दाखव की."

"अगं, माझा पाय काय चर्चमधला देखावा आहे? पाणी पितोय ना मी? होईल बरा."

आणि तो आणखी पाणी मागायचा. जितकं प्यायचा तितकी तहान वाढायची. रात्री पाच-पाच वेळा उठायचा. बरगड्या मोजता येऊ लागल्या, कमरेची लुंगी सुटू लागली. हे सगळं तो मनात एकच अर्थ लावून सोसत होता, की पाणी रोग बाहेर काढतंय. आत कुठेतरी त्याला कळत होतं की हे खोटं आहे. म्हणूनच तो दोनाचे तीन मग पिऊ लागला.

आबेरीही घाबरली होती. तिनं तिच्या परीनं उपाय केला. पाणी म्हणजे आमच्याकडे काकवी घातलेलं पाणी. नवऱ्यानं काढलेली ताजी माडी बायकोनं मंद जाळावर आटवायची, काळी घट्ट काकवी बाटल्यांत भरायची आणि पाण्यात मिसळून सगळ्यांना द्यायची. तान्ह्या मुलाला, बाळंतिणीला, दमून आलेल्याला. नुसतं पाणी डुकरापुढे ठेवतात. नवरा वाळत चाललेला पाहून आबेरीनं काकवीचं माप दुप्पट केलं. दुकानातली साखर विषासारखी म्हणून टाकली होती, पण ही तर आपल्या माडाची, आजोबा-पणजोबांनी खाल्लेली. ती आजाऱ्याला नाही द्यायची तर कुणाला?

एके सकाळी टोआकाई माडावर असताना त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. झावळीला मिठी मारून तो लटकून राहिला. ओरडायचंही सुचेना. मग कसाबसा घसरत खाली आला आणि बुंध्याशीच बसून ओकला. आबेरी धावत आली, चिंधी सोडली आणि तोंडावर हात धरून उभी राहिली. जखमेत आता आख्खा अंगठा मावला असता.

दवाखान्यात जाताना तिनं सवयीनं बाटली भरून बरोबर घेतली.

कातारीनानं बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्राला लावला. यंत्रानं आकडाच दाखवला नाही. साखर इतकी होती की त्याला मोजता येईना.

"साखर खातोस?"

"देवाशपथ नाही."

"घरात साखरेचा दाणा नाही गं," आबेरी म्हणाली. "डबासुद्धा देऊन टाकला."

"पाणी?"

"रोज! तीन-तीन मग, उपाशीपोटी," टोआकाई म्हणाला, आणि तहान लागली म्हणून बाटलीला हात घातला.

नर्सबाईची नजर बाटलीवर गेली. पाणी तपकिरी होतं. तिनं बाटली त्याच्या हातातून घेतली, झाकणात थोडं ओतून चाटून पाहिलं आणि खाली बसली. ती याच बेटावरची. तिच्या आईनंही तिला हेच पाजून वाढवलं होतं. चूक कुणाची, हे तिला त्या चवीतच कळलं.

"आबेरी, यात काकवी आहे."

"मग? पाणीच आहे ते."

"काकवी म्हणजेही साखरच गं. माडाची असो, दुकानाची असो, रक्ताला दोन्ही सारखीच. मी दुकानातली बंद करा म्हटलं आणि हिचं नाव घ्यायचं राहून गेलं माझ्याकडून." तिनं बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "पाण्यानं रोग जात नसतो, टोआकाई. गोडाच्या जागी पाणी पी, एवढंच मी सांगितलं होतं. तू रोज सकाळी गोडच पीत होतास."

आबेरीनं बाटलीकडे असं पाहिलं, जणू त्यातून साप निघाला होता.

मग कातारीनानं त्याला डोळे मिटायला सांगितले. "तळव्याला सुई लावते. लागली की सांग."

टोआकाईनं डोळे मिटले. लागत नाही म्हटलं की काय होतं ते योतेबानं शंभर वेळा सांगितलं होतं. इथूनच विमान सुरू होतं.

"टोचलं?"

"हो."

"आता?"

"हो हो, चांगलंच टोचलं."

"आणि आता?"

"हो!"

"डोळे उघड," ती हळूच म्हणाली. सुई टेबलावर होती. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. "मी अजून तुला शिवलेही नाही रे."

टोआकाई पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान ठरलं. तारावाचे डॉक्टर काय म्हणतील ते नर्सबाई सांगू शकत नव्हती. कदाचित करंगळी जाईल, कदाचित पाऊल. योतेबा आला, पण या वेळी त्यानं विमानाचा विनोद सांगितला नाही. भावाच्या शेजारी बसून तो आपला गुडघा चोळत राहिला.

पहाटे टोआकाईला तहानेनं जाग आली. आबेरी मग घेऊन उभी होती आणि तो पुढे करायला धजत नव्हती. त्यानंच हात लांब करून घेतला. पहिल्याच घोटाला त्याचं तोंड वाकडं झालं.

"हे काय आहे?"

"पाणी."

"आपल्या विहिरीचं? एवढं खारट?"

"त्या मोठ्या भरतीत समुद्र विहिरीत शिरला, तेव्हापासून असंच झालंय," आबेरी म्हणाली. "तुझ्या घशाखाली उतरणार नाही म्हणून मी रोज चमचा-चमचा काकवी वाढवत..."

टोआकाईनं तिच्याकडे पाहिलं. त्यानं तो मग तोंडाला लावला आणि त्या समुद्राच्या चवीसकट तळापर्यंत रिकामा केला.

"मला फार भीती वाटते, आबेरी," तो म्हणाला. "अजून एक दे."