खताच्या खड्ड्याची पारी

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. भिंतीवर पाल दिसली तरी मी खाटेवर चढते. गोंदिया शहरात वाढलेल्या माझ्यासारखीला केशोरीकडच्या, जंगलाला अगदी खेटून असलेल्या गावातल्या शाळेत शिक्षिका म्हणून नेमणूक मिळाली, तेव्हा घरचे पोट धरून हसले. मला काही हसू आलं नाही.

शाळेच्या मागच्या कोपऱ्यात मी पोरांकडून खताचा खड्डा करून घेतला. धान पिकवणाऱ्यांची लेकरं ती, त्यांना शेणखत मी काय शिकवणार? पण उकिरड्यावर सगळं भिरकावणं वेगळं आणि थर लावून खत करणं वेगळं, हे मी ठासून सांगितलं. खाली तणस म्हणजे धानाचा पेंढा, वर ओला कचरा, त्यावर शेणकाला, मग थोडी माती. मूठभर उचलून दाबून पाहायचं, हात ओला झाला पाहिजे पण पाणी गळता कामा नये. "जे जे सडतं ते सगळं आणा," असंही तोऱ्यात सांगून टाकलं.

एप्रिलात सकाळची शाळा सुरू झाली. उन्हानं खड्डा वाळू नये म्हणून शाळा भरण्याआधी त्यावर पाणी टाकायच्या पाळ्या लावल्या. पोरं त्याला पारी म्हणत. चौथीतली एक काटकुळी मुलगी स्वतःची पारी तर करायचीच, वर दुसऱ्यांच्याही मागून घ्यायची. पोरीला खताचं भलतंच वेड लागलंय, असं मी कौतुकानं सगळ्यांना सांगत होते.

मग अवकाळी पाऊस आला. अंगणाअंगणात वाळत घातलेली मोहफुलं भिजली, काळी पडली, आणि पोरांनी ती टोपल्या भरभरून आणून खड्ड्यात ओतली. मॅडमच म्हणाल्या होत्या ना, सडतं ते सगळं! वर्गापर्यंत गोड, आंबूस वास यायला लागला. त्या वासावर जंगलातून कोण येतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण मॅडमच्या शब्दापुढे कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी मी जरा लवकरच पोचले. नुकतं उजाडलं होतं. गेटात स्कूटी थांबवली आणि मागच्या कोपऱ्याकडे पाहिलं, तर खड्ड्यात कोणाची तरी म्हैस शिरलेली. मी हाकलायला तोंड उघडणार, तेवढ्यात म्हशीनं मान वर केली. लांब, मळकट पांढरं थोबाड. अस्वल!

आठवडी बाजारात मिरच्या विकायला एक माणूस बसायचा. अस्वलानं त्याचा अर्धा गाल ओरबाडून नेला होता. बघवत नाही म्हणून मी त्याच्याकडे कधी गेले नव्हते. त्या क्षणी मात्र तोच चेहरा डोळ्यांपुढे आला.

तेवढ्यात ती काटकुळी पोरगी दिसली. बोरिंगवरून भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून, पाणी सांडत, ती खड्ड्याकडेच चालली होती. मधे खिचडीची खोली होती. त्या भिंतीमुळे तिला अस्वल दिसत नव्हतं, अस्वलाला ती दिसत नव्हती. मला दोघंही दिसत होती. ती भिंतीच्या टोकाशी पोचली.

हात आपोआप हॉर्नवर गेला. माझ्या स्कूटीचा हॉर्न म्हणजे सर्दी झालेल्या बकरीचं ओरडणं. पण ती थांबली, वळली, आणि मॅडम बोलावतात म्हणून बादली घेऊनच माझ्याकडे पळत आली. तिच्या मागे अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. नाक वर करून हुंगलं. मी तिला ओढून पोटाशी धरलं आणि डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा ते मागच्या भिंतीवरून पलीकडे उतरत होतं.

भीती सरली तसा माझा राग उफाळला. "एकटीनं यायला कोणी सांगितलं होतं?" मी तिच्यावर ओरडले. "आजपासून खड्डा बंद! कोणाची पारी नाही, काही नाही!"

अस्वलाला पाहून न रडलेली पोरगी आता हमसून हमसून रडायला लागली.

"आता काऊन रडून रायली?" मी तिच्याच बोलीत विचारलं.

"पारी बंद नोका करू, मॅडम," ती म्हणाली. "पारी नसली का माय मले मोहफुलं येचाले नेते जंगलात. तिथं असे लय येतेत. मले भेव लागते."

त्याच सकाळी गावातल्या दोघांनी तो मोह खड्ड्यातून काढून लांब नेऊन पुरला. पारी मी बंद केली नाही, मोहाचा हंगाम संपेपर्यंत ती सगळी तिच्याच नावावर केली. रोज उजाडताना मी तिच्या दारात स्कूटी उभी करायचे. तिची आई टोपली डोक्यावर घेऊन जंगलाच्या वाटेला लागायची, एकटीच. माझ्यामागे बसलेली पोरगी माझी ओढणी घट्ट धरून ठेवायची आणि आई झाडांत दिसेनाशी होईपर्यंत मला निघू द्यायची नाही.