वारा कुठून सोडला

छान रंगीत चित्र दिसलं की माझ्या मनात आधी पाल चुकचुकते. त्याला माझी नोकरी कारण आहे. अंधेरीच्या आमच्या ऑफिसात संगणक हवेचं नाहीतर पाण्याचं गणित करतो. त्यातून निघतात नुसत्या आकड्यांच्या राशी, आणि त्यांचं चित्र मी करते. हवेचा आडवा छेद कुठे घ्यायचा, लाल रंग कशाला द्यायचा, काय झाकायचं, सगळं माझ्या हातात. त्यात खोटं काही नसतं. पण गिऱ्हाइकाला काय बघायला आवडेल हे मला बरोबर कळतं.

म्हणून मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटची मीटिंग भरली, बिल्डरच्या सल्लागाराने नव्या दोन टॉवरभोवती वारा कसा खेळेल याचं चित्र भिंतीवर लावलं आणि सगळे ‘झकास’ म्हणाले, तेव्हा मी त्यातल्या रेघा तपासत होते. हिरव्या रेघा रस्त्याकडून येत होत्या आणि पुढच्या टॉवरला वळसा घालून मस्त निघून जात होत्या. मागच्या टॉवरच्या आतल्या अंगाला एकही रेघ नव्हती. आईचा नवा फ्लॅट नेमका तिथेच होता. आईला दमा आहे. उघड्या खिडकीशी बसल्याशिवाय तिला झोप लागत नाही, आणि त्याच संध्याकाळी तिला संमतीच्या कागदावर सही करायची होती.

अशा चित्रात रेघ आपण सोडू तिथूनच निघते. या माणसाने मागे सोडलीच नव्हती. विसरला असेल? त्याच्या जागी मी असते तर विसरले नसते. मुद्दामच सोडली नसती.

‘‘रेघा कुठून सोडल्यात?’’ मी उभी राहून विचारलं.

तो जरा चपापला. ‘‘रस्त्याच्या बाजूने, मॅडम. वारा तिकडूनच येतो ना.’’

‘‘मागच्या टॉवरच्या आतल्या खिडकीतून एक सोडा.’’

‘‘बस गं खाली,’’ शेजारच्या वहिनी पुटपुटल्या. ‘‘इतक्या वर्षांनी काहीतरी होतंय, त्यात खुसपट नको काढू.’’

सल्लागाराने बिल्डरच्या माणसाकडे पाहिलं आणि नाइलाजाने क्लिक केलं. रेघ खिडकीतून निघाली, तिथल्या तिथे वळली आणि गोल गोल फिरतच राहिली. तिथली हवा कोंडलेली होती.

सेक्रेटरी लगबगीने आईपाशी आले, वाकून हळूच म्हणाले, ‘‘काकी, टेन्शन नको. तुम्हाला पुढच्या टॉवरमध्ये देतो. बोललोय मी.’’

इतक्या लगेच? म्हणजे यांना आधीपासून ठाऊक होतं. पुढचा फ्लॅट बाजूला काढूनच ठेवला होता, कोणी तोंड उघडलंच तर त्याचं तोंड बंद करायला. मला राग आला, पण खरं सांगते, त्याहून जास्त माझा जीव भांड्यात पडला. मी पेन उघडून आईच्या हातात दिलं.

आईने ते कागदावर आडवं ठेवून दिलं. चिडली की ती मालवणीवर येते, आणि मग तिला हळू बोलता येत नाही.

‘‘मगे थंय कोण रवतलो?’’

‘‘तिथे कोण राहील ते बघू ना, काकी.’’

‘‘बघू नको. नाव सांग.’’

हॉलमधला जो तो भिंतीवरच्या चित्रात आपलं घर शोधायला लागला.

मग शेजारच्या वहिनी उठल्या. ‘‘अहो सर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आमचा फ्लॅट कुठला येतो ते बघा, आणि तिथून पण एक सोडा.’’